रांगेतला डबा

कासलबार, काउंटी मेयो
२२ ऑक्टोबर २०१६

प्रिय उपू,

"डबा रांगेत आहे ना, मग तू कशाला उभा?" बाबा तुला हे रॉकेलच्या दुकानापुढे म्हणाले होते. तू तेव्हा दुसरीत असशील. सगळ्या पिंपरीची पोरं डबा रांगेत ठेवून खेळायला पळायची आणि मागची माणसं पायाने डबे पुढे सरकवत राहायची. तू मात्र डब्याशेजारी, उन्हात. मी दोनदा पाणी आणून दिलं. बाबा युनियनचे सेक्रेटरी. आपल्याच मुलाचा माणसांवर इतका अविश्वास बघून त्यांना वाईट वाटलं असावं.

हे आज आठवायचं कारण विद्याने ग्रुपवर टाकलेला दसऱ्याचा फोटो. रांगोळी सुरेख आहे. झेंडू ओहायोत मिळतो हे मला माहीत नव्हतं. पण रांगोळीच्या मागे, तुमच्या हिरवळीवर, एक पाटी दिसते. मी फोटो मोठा करून बघितला. मग चष्मा पुसून बघितला. भिंत बांधणार म्हणतात त्या गृहस्थांचं नाव आहे.

ग्रुपवर राजकारण आईने बंद केलंय, फोन टुंग टुंग वाजतो आणि तिची दुपारची झोप मोडते. म्हणून पत्राने विचारते. ईमेलला पत्र म्हणायची आपल्याला अजून लाज वाटत नाही, एवढं आपलं वय झालं आहे.

तुला तिथे मत नाही. चौदा वर्षं झाली, तरी नाही. मी इथे येऊन चारच वर्षं झाली, अजून नागरिकही नाही, पण कौन्सिलच्या निवडणुकीत मला मत आहे. मागच्या खेपेला एक उमेदवार दारात उभा राहून माझ्याशी गटाराबद्दल इतका बोलला की शेवटी मी त्याला चहा दिला. मत नसलेल्या माणसाने दुसऱ्याचा प्रचार करायचा, हे मला नवीन आहे.

आणि मुक्ता. तिला आता अठरा पूर्ण झाली. तूच मला समजावलं होतंस: तुझं ग्रीन कार्ड यायच्या आत ती एकवीसची झाली, तर तुझ्या अर्जातून तिचं नाव गळतं. चौथ्या वर्षापासून जिथे वाढली, त्या देशात तिला राहायचा हक्क उरत नाही. तुझी पहिली कंपनी बुडाली आणि दुसरीने अर्ज पुन्हा पहिल्यापासून केला, तेव्हापासून तुझी रांग ज्या चालीने सरकते आहे, त्या चालीने तुझा नंबर लागेल तेव्हा मी आजी असेन. आमची तन्वी आत्ता अकरा वर्षांची आहे.

अशा वेळी तू ही पाटी लावलीस. मला टोमणा मारायचा नाही, समजून घ्यायचं आहे. थोडा टोमणाही मारायचा आहे.

शेजारच्या ब्रायडीला मी फोटो दाखवला. तिचा मुलगा पॉरिक बॉस्टनमध्ये घरं रंगवतो. वीस वर्षं झाली, कागदपत्रं नाहीत. इथे आला तर परत जाता येणार नाही, म्हणून येत नाही. मेयोत प्रत्येक आळीत असा एक तरी पॉरिक आहे. ब्रायडी फोटो बघून म्हणाली, "हा युअर मॅन ना?" इथे कुठल्याही तिऱ्हाईताला तसंच, 'तुझा माणूस', म्हणतात. पण ती तुझी हिरवळ बघत होती.

जाता जाता, तुमच्या गावाचं नाव डब्लिन आहे याचं ब्रायडीला फार हसू आलं. म्हणाली, तुम्हा दोघांपैकी डब्लिनला तो राहतो आणि आयर्लंडमध्ये तू, कुणाचं तरी तिकीट चुकलंय.

तुझी,
ताई


डब्लिन, ओहायो
६ नोव्हेंबर २०१६

ताई,

डब्याची गोष्ट तू दर पाच वर्षांनी काढतेस आणि शेवट सांगत नाहीस. त्या दिवशी रॉकेल मिळायला लागलं तेव्हा रांगेतले दोन डबे गायब होते. आपला नव्हता.

आता पाटी. कारवाई होणार आहे ती रांग मोडून आत घुसणाऱ्यांवर. मी रांगेत आहे. आम्ही शिकलेले, कायद्याने आलेले, कर भरणारे लोक. हा माणूस धंदेवाला आहे. इंजिनियर हाकलून धंदेवाल्याला काय मिळणार? उलट गुणवत्तेवर रांग लावू म्हणतात. तसं झालं तर मुक्ताचं आपोआप होऊन जाईल. तुझ्या ब्रायडीच्या मुलाबद्दल मला वाईट वाटतं, पण तो आणि मी एका वाक्यात बसत नाही.

आणि तुझ्या स्वर्गाबद्दल. हृदयात घालायच्या ज्या नळ्या तू दिवसभर सूक्ष्मदर्शकाखाली तपासतेस, त्या कंपनीचं मुख्य ऑफिस कुठे आहे? तुझा समाजवाद आमच्या भागधारकांच्या पैशावर चालतो. ते तुमच्याकडे पावसासाठी आलेले नाहीत, तुमचे कर कमी आहेत म्हणून आलेत. ज्ञानेशभाऊजींचं पित्ताशय दुखत होतं तेव्हा त्यांना दोन दिवस इस्पितळाच्या बोळात ट्रॉलीवर ठेवलं होतं, हे तूच लिहिलं होतंस. आमच्याकडे ट्रॉलीवर कुणी झोपत नाही.

हिरवळ माझी आहे, ताई. तिच्यावर काय लावायचं ते मी ठरवतो.

मुक्ता कॉलेजात खूश आहे. आईला माझं नाव सांगू नकोस, तिला मी सांगितलंय की पाटी शेजाऱ्याचं घर विकायची आहे.

उपेंद्र


कासलबार
१० नोव्हेंबर २०१६

उपू,

अभिनंदन. तुझा माणूस आला.

काल सकाळी कारखान्याच्या कॅन्टीनमध्ये कुणी बोलत नव्हतं. मुख्य ऑफिसचे भागधारक काय म्हणतात याची वाट बघत असावेत. शेवटी सुपरवायझर म्हणाला, सगळं ग्रँड होईल. इथे छप्पर उडालं तरी ग्रँड होईल असंच म्हणतात, त्यामुळे काही कळलं नाही.

तुमच्याकडे ट्रॉलीवर कुणी झोपत नाही हे खरं आहे. बिल आठवलं की माणूस घरीच झोपतो. ज्ञानेश ट्रॉलीवर होता, त्याच्या डाव्या हाताला एक निवृत्त पोस्टमन आणि उजव्या हाताला एक शाळेची मुख्याध्यापिका. तिघांचा आता व्हॉट्सॲप ग्रुप आहे. इस्पितळाला शिव्या देणं एवढंच त्यावर चालतं आणि त्याला कुणी बंदी घातलेली नाही.

हिरवळ तुझी आहे हेही मान्य. पण गवत चार बोटं वाढलं की तुमच्या सोसायटीचं पत्र येतं, हे तूच सांगितलं होतंस. जगातल्या सगळ्यात मोकळ्या देशात गवताची उंची समिती ठरवते, आणि समाजवादी मी.

ते दोन डबे कुणाचे होते?

ताई


डब्लिन, ओहायो
१२ मार्च २०१७

ताई,

उशीर झाला. आईचे रोज फोन येतात, तिला तू समजाव. कॅन्ससच्या बारमध्ये 'आमच्या देशातून चालते व्हा' म्हणत आपल्याकडच्या दोन इंजिनियरांवर गोळ्या झाडल्या, त्यातला एक गेला, हे तिने पेपरात वाचलं. कॅन्सस इथून लांब आहे, पुण्याहून दिल्ली असेल तेवढं तरी. नकाशा काढून दाखव तिला.

आम्ही ठीक आहोत. विद्याला मी सांगितलं की दुकानात फोनवर मराठी हळू बोल. तिला हळू बोलता येत नाही हे तुला माहीत आहे, म्हणून ती आता दुकानात बोलतच नाही. खरेदी लवकर होते.

शेजारचा डग रविवारी मुद्दाम येऊन गेला. दारात टोपी काढून म्हणाला, "हे जे चाललंय ते तुमच्यासारख्यांबद्दल नाही हं." चांगला माणूस आहे. बर्फ पडला की आमचंही अंगण साफ करतो.

पाटी गॅरेजमध्ये ठेवली. निवडणूक झाल्यावर काढायची असा सोसायटीचा नियम आहे. दुसरं काही कारण नाही.

उपेंद्र


कासलबार
२४ जून २०१८

प्रिय उपू,

तुझं पत्र येऊन वर्ष उलटलं. मी तीन लिहिली, ती तू वाचलीस हे विद्याकडून कळतं. म्हणून आता राजकारण लिहीत नाही. नुसती बातमी देते.

ब्रायडी गेली. मागच्या आठवड्यात, तिच्याच खुर्चीत, किटली गॅसवर होती. मे महिन्यात आम्ही दोघी बरोबरच मत द्यायला गेलो होतो. मी गेल्या हिवाळ्यात नागरिक झाले, ते माझं पहिलं मोठं मतदान. गर्भपातबंदीचा कायदा बदलायचा की नाही, यावर. ब्रायडी रोज चर्चला जाणारी. वाटेत तिने मला बजावलं की मत गुप्त असतं, विचारू नकोस. परत येताना स्वतःच सांगितलं, हो म्हणून आले. कारण विचारलं तर म्हणाली, "माझी बहीण इंग्लंडला बोटीने गेली होती, सुट्टीला म्हणून." घरी आल्यावर प्रेसमधून, म्हणजे कपाटातून, चांगले कप काढले.

आता अंत्यविधीचं सांगते. इथल्या चर्चमध्ये छताजवळ एक कॅमेरा बसवलाय, परदेशी गेलेल्यांनी घरची लग्नं आणि मयतं बघावीत म्हणून. प्रार्थना सुरू करायच्या आधी फादरनी वर बघितलं आणि विचारलं, "पॉरिक, दिसतंय ना नीट?" सगळं चर्च मान वळवून कॅमेऱ्याकडे बघायला लागलं. तिकडून उत्तर यायची सोय नाही. फादर थोडे थांबले, जणू उत्तर आलं, आणि मग म्हणाले, बरं तर, सुरू करू.

पूर्वी इथे कुणी अमेरिकेला निघालं की आदल्या दिवशी त्याच्या घरी माणसं मयताला बसावीत तशी बसायची. ब्रायडी तिच्या आजीचं ऐकून सांगायची. खायचे, नाचायचे, सकाळ झाली की रडायचे. पुन्हा भेट नाही हे धरूनच चालायचं. अमेरिकन वेक म्हणायचे त्याला. आता कॅमेरा आला. तेवढी प्रगती आहे.

शवपेटी बाहेर नेत होते तेव्हा मी कॅमेऱ्याकडे बघून हात केला. का केला ते मला नीट सांगता येणार नाही. पॉरिकला मी कधी पाहिलेलं नाही. तन्वीला माझी इतकी लाज वाटली की ती दुसऱ्या बाकावर जाऊन बसली.

मुक्ताचं काय ठरतंय? हा प्रश्न आला की तू पत्र मिटतोस हे मला माहीत आहे. म्हणून शेवटी लिहिला.

तुझी,
ताई


डब्लिन, ओहायो
२ सप्टेंबर २०१८

ताई,

ब्रायडीचं वाचून वाईट वाटलं. मुलगा कॅमेऱ्यातून बघत होता ते विद्याला वाचून दाखवलं, तर ती उठून आत गेली.

तू विचारलं होतंस डबे कुणाचे. एक कुणाचा ते आठवत नाही. दुसरा प्रभाकाकूंचा. बाबांनी घरी येऊन आपल्यातलं अर्धं रॉकेल त्यांना ओतून दिलं. तुझ्या गोष्टीत एवढंच सुटतं: मी उभा होतो म्हणून द्यायला अर्धं तरी होतं.

पाटीचंही सांगतो, म्हणजे तो विषय एकदाचा संपेल. मला त्या माणसाबद्दल फार काही वाटत नव्हतं. डग दोन पाट्या घेऊन आला होता. म्हणाला, एक तुझ्याकडे लावू का, कोपऱ्यावर आहे, चांगली दिसेल. चौदा वर्षांत या गल्लीत माझ्याकडे कुणी काही मागितलं नव्हतं. मी हो म्हणालो. पुढच्या शनिवारी त्याने आम्हाला जेवायला बोलावलं. विद्याने कोशिंबीर नेली. तेवढंच झालं.

मुक्ताचं असं आहे. रांग काही पुढच्या ऑगस्टपर्यंत, ती एकवीसची होईपर्यंत, सरकत नाही. वकील म्हणतो, तिला परदेशी विद्यार्थिनी म्हणून नवा अर्ज करू द्या. म्हणजे आमच्याच घरातली मुलगी त्याच खोलीत परदेशी विद्यार्थिनी होईल. अट एक आहे. शिक्षण संपल्यावर ती पुण्याला परत जाणार, हे व्हिसाच्या अधिकाऱ्याला पटवून द्यायचं. पुण्याला ती शेवटची गेली तेव्हा तिच्या पुढच्या दातांत फट होती. तिने पत्र लिहिलंय, मी माझ्या मायदेशी परत जाईन. मला वाचायला दिलं आणि विचारलं, "बाबा, इज धिस बिलीव्हेबल?" मी म्हटलं, अक्षर चांगलं आहे.

फाईल मी स्वतः लावली. तुला माझी फाईल माहीत आहे. एक कागद कमी पडला म्हणून काम अडलं, असं माझ्या हातून होणार नाही. पुण्याच्या फ्लॅटचे कागद, आईचं पत्र आणि मुक्ताची पहिलीपासूनची सगळी प्रमाणपत्रं, लॅमिनेट केलेली. वकील म्हणाला, एवढी कशाला. तो इथला आहे, त्याला कळत नाही.

काळजी करू नकोस. होऊन जाईल.

उपेंद्र


डब्लिन, ओहायो
२८ जुलै २०१९

ताई,

अर्ज नामंजूर झाला. तांत्रिक कारण आहे.

पुढच्या महिन्यात मुक्ता एकवीसची होते. मागे तू फोनवर गॉलवेच्या विद्यापीठाबद्दल काहीतरी म्हणत होतीस आणि मी तुला गप्प केलं होतं. आता तिथे काही होण्यासारखं आहे का? उशीर झाला असेल तर तसं स्पष्ट लिही.

उपेंद्र


कासलबार
२९ जुलै २०१९

उपू,

उशीर झालेला नाही. प्रवेश जानेवारीतच घेऊन ठेवलाय. मुक्ताने अर्ज केला आणि मी नातेवाईक म्हणून इथला पत्ता दिला. दोघींनी तुला सांगितलं नाही. रागाव, पण सावकाश रागाव. आधी तिच्या व्हिसाचे कागद पाठव. हे वाचून तू फाईल लावायला बसशील. या वेळी वकिलाचं ऐक.

तुमचे अध्यक्ष जूनमध्ये इकडे येऊन गेले. खाली क्लेअरमध्ये समुद्राकाठी त्यांचं स्वतःचं गोल्फचं मैदान आहे. लाटा जमीन खातात म्हणून तिथेही त्यांना भिंतच बांधायची आहे. प्रकरण अपिलात पडलंय. समुद्र तोवर कागदपत्रांशिवाय ये-जा करतो आहे.

मुक्ताची खोली तयार आहे. तन्वीने आपणहून कपाटातला अर्धा भाग रिकामा केला. ही तुला राजकारणाहून मोठी बातमी आहे.

ताई


कासलबार
१७ नोव्हेंबर २०१९

प्रिय उपू,

तू मुक्ताला विमानतळावर सोडलंस, त्याला आता तिसरा महिना. विद्या रोज बोलते. तू उचललास की फोन लगेच विद्याकडे देतोस, असं मुक्ता म्हणते. माझ्या दोन पत्रांना उत्तर नाही. म्हणून हे तिसरं, आणि यात सगळंच लिहिते.

ती बरी आहे. आठवडाभर गॉलवेला असते, शुक्रवारी बसने इथे येते. उतरताना ड्रायव्हरला थँक्यू म्हणायला शिकली. पावसाला पाऊस म्हणायचं सोडून सॉफ्ट डे म्हणायला लागली. तिचे उच्चार ऐकून दुकानात सगळे तिला अमेरिकन समजतात. एका म्हाताऱ्याने तिला बाजूला घेऊन विचारलं, तुम्ही लोकांनी असला माणूस निवडलाच कसा? तिने त्याच्याजवळ बसून अर्धा तास समजावलं, मतदार कसा विचार करतो, ओहायोत कारखाने कसे गेले, डगला काय वाटतं. म्हातारा शेवटी म्हणाला, तुझ्यासारखी माणसं तिकडे पाहिजेत. ती म्हणाली, हो, मलाही तसंच वाटत होतं.

आता ते तांत्रिक कारण. ते तिने मला सांगितलं. मी विचारलं नव्हतं, भांडी पुसताना आपणहून बोलली. आठवीत तिला निबंधाचं पहिलं बक्षीस मिळालं होतं, 'ओहायो माझं घर का आहे'. तू ते प्रमाणपत्रही लावलंस, सोबत निबंधाची प्रत. नकाराच्या पत्रात अधिकाऱ्याने त्या निबंधातल्या ओळी घेतल्या आहेत. मी परत जाणार आहे असं म्हणणारी अर्जदार स्वतःच लिहिते की तिचं घर इथे आहे, वगैरे.

उपू, आपल्या घरात कुठलंही प्रमाणपत्र फाईलबाहेर राहिलेलं नाही. मी असते तर मीही लावलं असतं. बाबा असते तर त्यांनी वर दोन साक्षीदारांच्या सह्या घेतल्या असत्या. मुक्ता रागावलेली नाही. तिने एवढंच म्हटलं, "आत्या, ही वॉज सो प्राउड ऑफ दॅट फाईल." आणि मग बराच वेळ तीच ताटली पुसत राहिली. ते प्रमाणपत्र ती इथे घेऊन आली आहे. आमच्या फ्रिजवर लावलंय. मधून मधून ज्ञानेश दूध काढताना ते वाचतो आणि म्हणतो, पोरीची शैली चांगली आहे.

त्या पाटीच्या तारांच्या चौकटीवर तू तोंडलीचा वेल चढवलास हे विद्याने सांगितलं. आणि समितीचं अजून पत्र आलेलं नाही, हेही.

इथे नोव्हेंबर लागला की जो तो एकच विचारतो, ख्रिसमसला घरी जाणार ना? मायेने विचारतात, दुसरं काही मनात नसतं. मुक्ता हसून म्हणते, बघू. काल मी तिला ब्रायडीच्या चर्चपाशी उभं राहिलेलं पाहिलं. आत जाऊन कॅमेरा बघून आली होती. म्हणाली, पॉरिक अजून बघत असेल का? मी म्हटलं, रविवारी बघतो म्हणे, नेमाने.

ती तिकडे येऊ शकत नाही. तू इकडे येऊ शकतोस. परत जाताना पासपोर्टवर नवा शिक्का लागेल, तो अडला तर नोकरी अडेल, तुझ्या ऑफिसातले एक गृहस्थ असेच चार महिने हैदराबादला बसून होते, हे सगळं विद्याने मला सांगितलं आहे. ते खोटं नाही. पण मी इथल्या एका वकिलाला विचारलं, त्याने तिथल्या एकाला विचारलं. तुझ्या अर्जाची तारीख तुझ्या नावावर आहे. तू उठून गेलास म्हणून ती पुसली जात नाही. डबा रांगेत आहे.

डबे गायब होतात, हे मी विसरलेले नाही. तुझा गेलाच, तर बाबांनी प्रभाकाकूंना दिलं तसं आमच्यातलं अर्धं तुमचं. घर लहान आहे, इस्पितळात ट्रॉली मिळेल, गवत कितीही वाढलं तरी कुणी विचारत नाही.

तू नाही म्हणणार आहेस. त्या दिवशीही तू बाबांना मान हलवून नाही म्हणाला होतास आणि मी पाणी आणायला गेले होते. तरी विचारते. रांग सोडून, आठ दिवसांसाठी, ख्रिसमसला येशील?

तुझी,
ताई